हातातून सुटल्यावरही चालणारी शिडाची होडी : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कागदाची होडी पाणी नेईल तिकडे जाते आणि किल्लीची होडी आपल्या यंत्राच्या जोरावर धावते. शिडाची होडी या दोघींहून वेगळी आहे. काठावर बसून आपण तिचे शीड जसे बांधू, तशी ती वाऱ्याला आडवी किंवा तिरकस सामोरी जात पलीकडच्या काठाला लागते. तिला पाण्यात सोडल्यानंतर मुलाच्या हातात काहीच उरत नाही, तरीही ती जाते ती त्याने ठरवलेल्या दिशेने, आणि या खेळाचा सारा आनंद त्या एका मिनिटात साठलेला असतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या अष्टकोनी तळ्यावर लाकडी होड्या आजही मुलांना भाड्याने मिळतात. मूल काठीने होडी ढकलते, ती तळे ओलांडते आणि ते धावत दुसऱ्या काठाला जाऊन तिला पुन्हा परत पाठवते. खेळ एवढाच असला, तरी मुलांचा त्यात तासन्‌तास वेळ जातो.

मात्र त्यासाठी होडी खरोखर चालली पाहिजे. लहानपणी मला भेट मिळालेली पहिली होडी दिसायला देखणी होती, पण पहिल्याच झुळकीला ती कलंडली आणि तिची शिडे पाण्यावर पालथी पसरली. पुढे शेजारच्या एका काकांनी तिच्या बुडाला लाकडी पाते ठोकले, पात्याच्या खालच्या टोकाला लोखंडी पट्टी बसवली, आणि तीच होडी त्या संध्याकाळी तीन वेळा तळे ओलांडून गेली. तेव्हापासून माझे मत ठाम आहे की नवख्याने पैसा, वेळ आणि लक्ष यांपैकी जे काही असेल ते होडीच्या सजावटीपेक्षा आधी तिच्या पाण्याखालच्या भागावर खर्च करावे. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

लहान होडी एवढी का कलंडते?

मोठ्या जहाजाची हुबेहूब छोटी प्रतिकृती पाण्यात का टिकत नाही, हे एकदा समजले की पुढची सगळी मापे आपोआप पटतात. एखाद्या होडीची लांबी, रुंदी आणि उंची निम्मी केली, तर शिडाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, पण होडीचे वजन एक अष्टमांशावर येते. कलंडवणारा जोर म्हणजे शिडावरचा वाऱ्याचा एकूण दाब गुणिले शिडाची उंची, त्यामुळे तो एक अष्टमांश होतो. सावरणारा जोर म्हणजे वजन गुणिले त्या वजनाची खोली, म्हणून तो एक षोडशांश होतो. थोडक्यात, आकार निम्मा झाला की होडी दुपटीने हळवी होते. जहाजाची प्रतिकृती शंभर पटींनी लहान असेल, तर तिची पूर्ण शिडे उभारणे म्हणजे तिला आडवे पाडण्याचीच तयारी करणे होय.

यावर उपाय दोन आहेत. शिडे प्रतिकृतीच्या हिशेबापेक्षा लहान ठेवावीत आणि भार प्रतिकृतीच्या हिशेबापेक्षा बराच खोल न्यावा. बुडाखाली उभे पाते आणि त्याच्या टोकाला वजन, अशी रचना भिंतीवरच्या ओळंब्यासारखी वागते. वाऱ्याने डोलकाठी झुकवली की खालचे वजन बाजूला उचलले जाते आणि ते परत खाली येऊ पाहते. त्याच पात्याचे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. वारा होडीला आडवे ढकलत असतो, आणि पाण्यातले रुंद पाते त्या आडव्या सरकण्याला विरोध करते, त्यामुळे होडीला पुढे जाण्यावाचून मार्ग उरत नाही. ज्या होडीला पाते नाही, ती फक्त वाऱ्याच्या मागे मागे वाहत जाते.

लाकडाचे अंग

पहिली होडी ३० सेंटिमीटर लांबीची करावी. याहून लहान होडी वर सांगितलेल्या कारणामुळे अवघड जाते, आणि याहून फार मोठी होडी लहान मुलाला उचलायला जड जाते. पाइनसारखे हलके, गाठी नसलेले आणि पूर्ण वाळलेले लाकूड निवडावे. अडीच सेंटिमीटर जाडीच्या दोन फळ्या घ्याव्यात. वरची फळी ३० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असावी, आणि खालची २६ सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद असावी. एका अखंड ठोकळ्यापेक्षा दोन फळ्यांचे थर नवख्याला सोपे जातात, कारण प्रत्येक फळी आधी वेगळी कापता येते आणि बुडाचा उतार अर्धा आपोआप तयार होतो.

जाड कागद लांबीत दुमडून त्यावर होडीच्या अर्ध्या भागाची रेषा काढावी आणि कागद कापून उलगडावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. नाळ, म्हणजे पुढचे टोक, निमुळती ठेवावी. सर्वांत जास्त रुंदी मध्यापासून किंचित मागे असावी. मागचे टोक सहा-सात सेंटिमीटर रुंद व सपाट असावे. फळ्या या आकारात कापून झाल्या की चिकटवण्यापूर्वीच खालच्या फळीत पात्यासाठी आरपार खाच पाडून घ्यावी. ही खाच वरच्या फळीच्या पुढच्या टोकापासून साडेतेरा सेंटिमीटरवर सुरू होऊन साडेवीस सेंटिमीटरवर संपावी आणि बरोबर मधल्या रेषेवर असावी. हे काम नंतरसाठी ठेवले, तर गोलसर झालेल्या बुडात सरळ खाच पाडणे फार कठीण जाते.

फळ्या चिकटवण्यासाठी पाण्यात टिकणारा गोंद किंवा इपॉक्सी वापरावा, कारण साधा पांढरा गोंद भिजला की पुन्हा मऊ होतो आणि होडी भर पाण्यात उकलते. दोन्ही फळ्या शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी पटाशी आणि कानस यांनी दोन थरांमधली पायरी काढून टाकावी आणि बुडाच्या कडा गोल कराव्यात. कापण्याची आणि तासण्याची कामे मोठ्यांनी करावीत. पॉलिश पेपरने घासण्याचे काम मात्र आवर्जून मुलाकडे द्यावे. आधी ८० नंबरचा, मग १२० आणि शेवटी २४० नंबरचा कागद वापरताना लाकूड हाताखाली गुळगुळीत होत जाते, आणि ज्या मुलाने तासभर बूड घासले आहे त्याला ती होडी आपली वाटते. डोळे मिटून दोन्ही बाजूंवरून एकाच वेळी तळवे फिरवावेत. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला लगेच लागतो.

पाते, भार आणि सुकाणू

पात्यासाठी ३ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लायवुड किंवा दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा चालतो. त्याची रुंदी ७ सेंटिमीटर असावी आणि ते बुडाखाली १२ सेंटिमीटर खोल जावे. खाचेत बसणारा अडीच सेंटिमीटरचा भाग वेगळा धरावा. पाते इपॉक्सीने बसवताना होडी पालथी ठेवून समोरून पाहावे. ते दोन अंशांनी जरी तिरके बसले, तरी होडी कायम एकाच बाजूला झुकून चालते आणि हा दोष नंतर कशानेच झाकता येत नाही.

भार किती असावा, हे पाण्यालाच विचारावे. लाकडाचे वजन जातीप्रमाणे बदलते, म्हणून पुस्तकी आकड्यापेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. पाते बसवलेली होडी भरल्या टबात ठेवावी, तिच्यावर डोलकाठी आणि शिडांचे सामान आडवे ठेवावे, आणि मग मध्यावर एकेक नटबोल्ट ठेवत जावे. ती डगमगू लागली तर हाताने हलकेच धरून ठेवावी. या आकाराच्या होडीवर साधारण २० ग्रॅम वाढले की ती १ मिलिमीटर खाली बसते. तिचा काठ पाण्याच्या वर सव्वा सेंटिमीटर उरला की थांबावे आणि नटबोल्टांचे वजन करावे. पाइनच्या होडीला ते बहुधा १२० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान भरते. मिळून तेवढ्याच वजनाच्या दोन लोखंडी पट्ट्या पात्याच्या अगदी खालच्या कडेला, दोन्ही बाजूंना एकेक, आरपार स्क्रूने आवळाव्यात. आधी एका स्क्रूवर सैल बसवून त्या पुढे-मागे सरकवून पाहाव्यात, आणि होडी पाण्यात नाळ न बुडवता समतल बसली की पक्क्या कराव्यात. लोखंड गंजते, म्हणून त्याला रंग द्यावा. शिसे जड असल्याने सोयीचे वाटते, परंतु ते विषारी आहे. मुलांच्या खेळण्यात ते वापरू नये आणि घरी तर मुळीच वितळवू नये.

सुकाणू म्हणून चार बाय तीन सेंटिमीटरचा छोटा पत्रा जाड पितळी तारेवर बसवून बुडाच्या मागच्या टोकाशी लावावा. तार भोकात घट्ट बसली पाहिजे, म्हणजे सुकाणू बोटाने वळवता येईल, पण पाण्याच्या धक्क्याने आपोआप फिरणार नाही. सुरुवातीला ते सरळच ठेवावे. नवखा माणूस प्रत्येक चूक सुकाणूने सुधारू पाहतो, आणि वळवलेले सुकाणू होडीचा वेगच खाते. दिशा शिडांनी साधायची असते.

यानंतर लाकडाला प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन किंवा वॉर्निशचे तीन हात द्यावेत, आणि प्रत्येक हातानंतर पुरेसा वेळ वाळू द्यावे. पाण्यात हरवणार नाही असा भडक रंग निवडावा.

डोलकाठी आणि शिडे

डोलकाठीसाठी ६ मिलिमीटर जाडीची, ४० सेंटिमीटर लांबीची सरळ काठी घ्यावी. नाळेपासून १२ सेंटिमीटरवर मधल्या रेषेत दोन सेंटिमीटर खोल भोक पाडून ती त्यात बसवावी. त्याच्या मागे आणि पुढे एकेक सेंटिमीटरवर आणखी एकेक भोक पाडून ठेवावे, त्यांचा उपयोग पुढे कळेल. वापरात नसलेली भोके मेणाने बुजवावीत. दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे एक असे मजबूत दोऱ्याचे ताण काठीच्या वरच्या टोकापासून होडीच्या काठापर्यंत बांधावेत. दोरे बांधण्यासाठी माथ्याला कडी असलेले छोटे स्क्रू सोयीचे पडतात.

शिडांसाठी जुन्या छत्रीचे कापड मला सर्वांत आवडते, कारण ते हलके असते, पाणी पीत नाही आणि सुरकुत्या धरत नाही. मागचे मोठे शीड २८ सेंटिमीटर उंच आणि तळाशी १४ सेंटिमीटर रुंद असा काटकोन त्रिकोण असावे; पुढचे छोटे शीड साधारण २४ सेंटिमीटर उंच आणि तळाशी ९ सेंटिमीटर असावे. कापताना एक गोष्ट सांभाळावी. शिडाची मागची, मोकळी राहणारी कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर आली पाहिजे, कारण तिरके कापलेले कापड ताणले जाते आणि ती कड थोड्याच दिवसांत फडफडू लागते. मोठ्या शिडाची डोलकाठीकडची कड मात्र अगदी सरळ कापू नये. मध्यावर तिला तीन-चार मिलिमीटरचा बाहेरचा फुगवटा द्यावा. ती कड सरळ काठीला बांधली की हा जादा कपडा आत सरकतो आणि शिडाला पक्ष्याच्या पंखासारखी हलकी पोकळी येते. सपाट शिडावरून वारा नीट वळत नाही; पोकळी असलेल्या शिडावरून तो सहज वळतो आणि होडीला अधिक जोराने पुढे ओढतो.

मोठ्या शिडाच्या तळाला १६ सेंटिमीटरची हलकी काठी बांधावी आणि तिचे पुढचे टोक दोऱ्याच्या फासाने डोलकाठीला असे जोडावे की ती दाराच्या फळीसारखी दोन्हीकडे फिरेल. छोट्या शिडाची पुढची कड नाळेपासून डोलकाठीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यावर शिवावी. दोन्ही शिडांच्या मागच्या कोपऱ्यांना एकेक दोरा बांधून तो होडीवरच्या कडीतून न्यावा. शीड किती बाहेर जाईल, हे या दोऱ्याची लांबी ठरवते. ही लांबी सहज बदलता यावी म्हणून प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीला तीन भोके पाडून दोरा त्यांतून ओवावा. ताण नसताना पट्टी दोऱ्यावर सरकते आणि ताण पडला की घट्ट धरून राहते. ही बोटभर पट्टी लावायला विसरू नये, कारण ओल्या दोऱ्याच्या गाठी काठावर बसून सोडवत बसलेल्या मुलाचा उत्साह लवकर संपतो.

पाण्यावर जाण्याआधी

टबात होडी ठेवून डोलकाठी बोटाने पाण्याला टेकेपर्यंत झुकवावी आणि सोडावी. ती तत्काळ उभी राहिली पाहिजे. ती रेंगाळत असेल, तर भार खोल न्यावा किंवा शिडे कमी करावीत. त्यानंतर पेन्सिलीच्या टोकाने होडीला पाण्याच्या पातळीवर आडवे ढकलावे. नाळेजवळ ढकलले तर नाळ वळते, मागे ढकलले तर मागचे टोक वळते. मधे एक जागा अशी सापडते, जिथे ढकलले असता होडी न वळता सरळ आडवी सरकते. तिथे होडीच्या काठावर खूण करावी. पाणी होडीला त्या जागेभोवती धरून ठेवते. शिडांच्या जोराचा मध्य या खुणेच्या दोन-अडीच सेंटिमीटर पुढे असावा, आणि वर दिलेल्या मापांत तो जवळपास तसा येतो.

पहिली सफर

तळे लहान, संथ आणि चहूबाजूंनी फिरता येईल असे असावे. वाहते पाणी टाळावे. पात्यासाठी काठाजवळही २० सेंटिमीटर खोली लागते. पाण्याकाठी मोठे माणूस लहान मुलापासून हाताच्या अंतरावर असावे, आणि होडी मध्येच थांबली तरी ती आणण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नये. त्यासाठी लांब दोरीला बांधलेला चेंडू जवळ ठेवावा. तो होडीच्या पलीकडे फेकून दोरी हळूहळू ओढली की होडी काठाकडे येते. पाने सळसळतात आणि वारा चेहऱ्याला जाणवतो, एवढाच वारा पहिल्या दिवशी पुरे. बारीक फांद्या सतत हलू लागल्या, तर नवख्या होडीने काठावर थांबलेले बरे.

वारा कुठून येतो, ते दोऱ्याच्या तुकड्याने पाहावे आणि होडी वाऱ्याला काटकोनात, म्हणजे वारा तिच्या कुशीवर येईल अशी धरावी. ही सर्वांत सोपी चाल आहे आणि परतीचा प्रवासही याच चालीने होतो. मोठ्या शिडाची काठी मधल्या रेषेपासून ४५ अंश बाहेर जाऊ द्यावी, छोटे शीडही तेवढेच सैल ठेवावे, आणि होडी न ढकलता नुसती सोडावी. ३० सेंटिमीटरची होडी जोराच्या वाऱ्यातही सेकंदाला साधारण ६५ सेंटिमीटरपेक्षा फार वेगाने जाऊ शकत नाही, कारण तिने स्वतः उठवलेली लाटच तिला अडवते. हा वेग चालणाऱ्या मुलाच्या वेगाहून कमी आहे. म्हणून मूल काठाकाठाने तिच्या सोबतीने चालू शकते आणि ती पोचण्याआधी पलीकडे जाऊन उभे राहू शकते.

पहिल्या फेरीत होडी सरळ जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. ती वाऱ्याकडे तोंड वळवून शिडे फडफडवत थांबली, तर मागचा जोर जास्त झाला आहे. मोठे शीड थोडे सैल करावे किंवा छोटे शीड आवळावे. ती वाऱ्याकडे पाठ फिरवून पळू लागली, तर उलट करावे, म्हणजे छोटे शीड सैल करावे आणि मोठे आवळावे. एका वेळी एकच दोरा आणि तोही अर्ध्या सेंटिमीटरनेच बदलावा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. दोरे बदलूनही होडी हट्टाने वाऱ्याकडेच वळत असेल, तर डोलकाठी पुढच्या भोकात न्यावी. हट्टाने पळत असेल, तर मागच्या भोकात. बोटाने दोरा सरकवणे आणि होडीचे उत्तर पाहणे हा भाग मुलालाच करू द्यावा. शेजारी उभे राहून सगळे दोरे आपणच ओढणारे पालक मी बरेच पाहिले आहेत, आणि त्या मुलांचे लक्ष लवकरच दुसरीकडे गेलेलेही पाहिले आहे.

वाऱ्याला तिरकस सामोरे जाणे ही पुढची पायरी आहे. कोणतीही शिडाची होडी थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही, परंतु वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून ती वर चढू शकते. त्यासाठी मोठ्या शिडाची काठी मध्यापासून फक्त १० ते १५ अंशांवर आवळावी. होडी झुकते, तिचा वेग कमी होतो, आणि तरीही ती वारा जिथून येतो त्या दिशेला सरकताना दिसते. मुलाला हे आधी खरे वाटत नाही, मग ते पुन्हा पुन्हा करून पाहते. वारा पाठीशी घेऊन जाणे वरवर सोपे भासते, पण त्यात होडी सर्वांत जास्त भरकटते, म्हणून ती चाल शेवटी शिकवावी. त्या वेळी काठी जवळजवळ आडवी सोडावी आणि नाळ बुडत असल्यास भार थोडा मागे सरकवावा.

एवढे जमले की समोरच्या काठावर दोन काठ्या दोन मीटर अंतराने रोवाव्यात आणि होडी त्यांच्या मधून काठाला लागेल, असे दोरे लावून पाहावे. वारा दर तासाला बदलतो, त्यामुळे सकाळी साधलेली जुळणी दुपारी चालत नाही आणि खेळ शिळा होत नाही.

घरी परतल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवावी, दोरे सैल सोडावेत, शिडे सावलीत वाळवावीत आणि रंग कुठे उडाला असेल, तर लाकूड पूर्ण सुकल्यावर तिथे नवा हात द्यावा, कारण पाणी प्यायलेली होडी जड होते आणि मापाने ठरवलेला काठ बुडू लागतो. पट्टी दोऱ्यावर जिथे होती, तिथे पेनाने बारीक रेघ मारून त्या दिवशी वारा किती होता आणि कोणत्या भोकात डोलकाठी होती, हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी तसाच वारा मिळाला, की मूल ते पान उघडून पट्टी थेट त्या रेघेवर नेऊन ठेवते.